पप्पांचा टॅब

भिंगारच्या घरी बसून ऑफिसचं काम करणाऱ्या शॅरननं सासऱ्यांचा टॅब वायफायवर जोडून लॅपटॉपचा दुसरा पडदा केला होता. साहेबांची मीटिंग लॅपटॉपवर, मैत्रिणीशी गप्पा टॅबवर. "रविवारी उपासनेत पप्पा एकटेच गाणारेत. सकाळपासून सराव चाललाय, कान किटले गं," असं तिनं लिहिलं आणि मीटिंग सुरू झाली.

तेवढ्यात पप्पा गीताचे शब्द बघायला टॅब मागायला आले. साहेबांवरची नजर न काढता तिनं तो देऊन टाकला. जरा वेळानं व्हरांड्यातलं गाणं एकदम बंद पडलं. शॅरननं सुटकेचा निःश्वास टाकला.



"शॅरन, तुझी मैत्रीण विचारतेय, 'थांबले का गं सासरे?' तिला कळव, चष्मा लावून वाचत बसलेत."