चावीच्या बाज्यावरची बाई

रूपरावनं चावीच्या बाज्याचं पोट उघडलं आणि आतली जुनी स्प्रिंग दोन बोटांत धरून बाहेर ओढली. ती लुळी पडून त्याच्या मनगटावर लोंबली.

"हे पाय. जीवच नाई राह्यला हिच्यात."

रूपराव जिनिंगमध्ये फिटर. नवी स्प्रिंग त्यानं नागपूरच्या भंगारातून हुडकून आणली होती, आणि ती बसवायची म्हणून आज दुपारीच मंडळी प्रभाकररावांच्या ओसरीवर जमली होती. शाळेतले अण्णाजी मास्तर होते, कापडवाला ओमप्रकाश होता. प्रभाकररावांचा धंदा लाऊडस्पीकरचा. सिंदीत लग्न असो की बारसं, रेकॉर्डी वाजायच्या त्या त्यांच्याच. त्यांच्या विजेच्या मशीनवर सगळं वाजे. एक जाड, जुनी तबकडी तेवढी लागत नसे. तिच्यासाठी हा बाजा, चावी भरून फिरवायचा जुना ग्रामोफोन.

तबकडी चौसष्ट-पासष्टातली असावी. मधला कागद उंदरांनी खाल्लेला. सिनेमाचं नाव उरलं होतं, पण तो सिनेमा कधी पडद्यावर आलाच नाही. गाणारणीचं नाव उंदरांच्या पोटात गेलं. त्या नावावरून वर्षभर दर रविवारी भांडण.

"बैठकीतली बाई आहे," ओमप्रकाश म्हणाला. "अच्छ्या घरची औरत येवढा दर्द कुठून आणीन?"

"अच्छ्या घरात दर्द नसते का रे? तुह्या घरी विचारून ये एकडाव," रूपराव पेचकसानं स्क्रू पिळत म्हणाला.

"संगीतकाराची बायको असंन," अण्णाजी म्हणाले. "म्हणून तर दुसऱ्या कोणत्याच रेकॉर्डवर सापडत नाई. एकच गाणं गाऊ दिलं तिले."

"कोणी का असेना. चाळिशीच्या आतली निघाली तं मिशी काढतो मी," रूपराव म्हणाला.

दारात कोकिळा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. प्रभाकररावांची बायको. शेजारी दीड वर्षाची नलू टरफलं एका ढिगातून दुसऱ्या ढिगात नेत होती.

"भाऊजी," कोकिळा म्हणाली, "राहू द्या ना जुनीच. चांगली तं चालते."

"चालते कुठं वयनी, लंगडते."

"तुले काऊन तिची येवढी दया?" प्रभाकरराव हसले.

ती पुन्हा शेंगांकडे वळली. काय सांगणार होती? माणसं हसली असती. तिच्या आईचा, विमलाबाईचा, आवाज असाच होता. जाड, संथ, शब्द ठेवून ठेवून पुढे जाणारा. विमलाबाईच्या गळ्यात पाटील बसला आहे, असं माहेरी समुद्रपूरला लोक म्हणत. नलू पोटात असताना ती गेली. फोटो मागे राहिला. तो भिंतीतल्या देवळीत ठेवला होता. आवाज कशात राहतो? तो एका रविवारी अचानक या बाज्यातून आला, आणि कोकिळेच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तेव्हापासून दर रविवारी ही मंडळी आवाज कोणाचा म्हणून भांडायची आणि ती दारात बसून ऐकायची. ती कधी वादात पडली नाही. तिला माहीत होतं.

रूपरावनं झाकण लावलं, चावी भरली, सुई ठेवली.

बाज्यातून एक पोरगी गायला लागली. पातळ, चटपटीत, घाईत. तबला टुणटुण उड्या मारत होता. पहिलं कडवं संपलं.

"अरे," अण्णाजी सावकाश म्हणाले, "हे तं दंतमंजनवाली."

रेडिओवर रोज सकाळी दंतमंजनाची जाहिरात गाणारी ती. आता सगळ्यांनाच ओळखू आली. इतके दिवस बाजा हळू फिरत होता, म्हणून तिचा आवाज जड होऊन निघत होता. गाणं मुळात रडकं नव्हतंच, झोक्यावरचं होतं.

"म्हणजे वर्षभर आपण ढिल्या स्प्रिंगवर रडून राह्यलो यार," ओमप्रकाश म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता.

"मिशीचं काय रूपराव?"

"उद्या. आज सासरे येऊन राह्यले घरी."

मग मात्र हसू फुटलं. हसत हसतच मंडळी स्टेशनवर चहा प्यायला निघाली; अशी गोष्ट चार जणांना सांगितल्याशिवाय पचत नाही. प्रभाकररावही चपला घालून त्यांच्या मागे गेले. तबकडी दुसऱ्यांदा लावावी असं कोणाला वाटलं नाही.

कोकिळेनं शेंगा बाजूला सारल्या. हात पदराला पुसले. चावी भरून तिनं सुई ठेवली.

पोरगी पुन्हा गायला लागली. कोकिळेनं फिरत्या तबकडीच्या कडेला बोट लावलं. जास्त दाबलं गेलं; आवाज घोगरा झाला आणि थांबलाच. तिनं बोट उचललं, पोरगी पळत सुटली. पुन्हा टेकवलं, आता निजलेल्या लेकराच्या पापणीला लावावं तसं.

आणि मधे कुठंतरी विमलाबाई आली.

कोकिळेनं श्वास धरला. बोट हलू नये म्हणून खांदाही हलू दिला नाही.

नलू जवळ आली. बाज्याला धरून उभी राहिली, आईचं पाहिलं आणि तिनंही आपलं बोट कडेला टेकवलं. आवाज अडखळला, आणखी खाली गेला, धाप लागल्यासारखा. शेवटी शेवटी आई असंच बोलायची.

कोकिळेनं हळूच आपलं बोट काढून घेतलं.

आवाज वर आला, विमलाबाईच्या जागेवर बसला, आणि दुसरं कडवं सुरू झालं. नलूचं एवढंसं बोट तबकडीवर तसंच होतं.