शेडखालचा वास

"गेले का?" श्रीरंगने ऑफिसमधून फोनवर विचारलं.

"वॉल्टर आलाय. बघतोय," सुमेधा म्हणाली.

"नुसतं बघून काय उपयोग? हे संपलं पाहिजे आता. कळलं ना?"

"हो."

फोन ठेवून ती मागच्या अंगणात आली. अंगणाच्या टोकाला गवत कापायचं मशीन आणि जुनी खोकी ठेवायची लाकडी शेड होती. तिच्या फळ्यांखाली उन्हाळ्यापासून स्कंक राहत होते. मांजराएवढे काळे प्राणी, पाठीवर पांढरा पट्टा. दिसायला गोजिरवाणे, पण बिथरले की शेपटी वर करून असा फवारा मारतात की माणूस आठवडाभर स्वतःच्याच अंगाला किळसतो.

श्रीरंगला तो अनुभव आला होता. जुलैमध्ये सुमेधा एकदा शेडमध्ये गेली आणि तो तिच्या मागोमाग आला, तेव्हा दाराशीच त्याच्यावर फवारा बसला. डोळ्यांची आग झाली, उलट्या झाल्या. साबण झाले, टोमॅटोचा रस झाला, वास काही हटेना. क्लायंटच्या मीटिंगमध्ये लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या. तेव्हापासून त्याने मागच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. गवत कापणंही सुमेधाकडेच आलं.

लग्न होऊन अमेरिकेत, पार्सिपनीला आल्यापासून तिचा दिवस घरातच जाई. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी येत नव्हती. खिडकीतून ती शेड तेवढी दिसायची. आज मात्र सकाळपासून ती सारखी तिकडेच बघत होती. स्कंकच्या विचाराने रात्री झोपही लागली नव्हती.

प्राणी पकडणारा वॉल्टर गुडघ्यावर बसून शेडखालच्या बिळात टॉर्च मारत होता. "मादी आहे," तो म्हणाला. "पिल्लं मोठी झाली आहेत, म्हणजे काढायला हरकत नाही."

"मारणार?" तिने विचारलं.

"छे. हे दार लावतो." त्याने जाळीचं एक झुलतं दार दाखवलं. "आतून ढकललं की बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. अंधार पडला की ते खायला निघतील. उद्या मी येऊन चारी बाजूंनी जाळी पुरतो. पुन्हा कधी त्रास नाही."

"पुन्हा कधीच नाही?"

"कधीच नाही."

सुमेधाने पदर नसतानाही पदर सावरावा तसा स्वेटर अंगाभोवती ओढला. वॉल्टरने बिळासमोर पीठ पसरलं. ठसे उमटले की ते बाहेर पडल्याचं कळणार होतं.

सकाळी पिठात बाहेर जाणारे ठसे होते. आत येणारेही होते. जाळीचं दार वर उचललं जाऊन एका काटकीवर अडकलं होतं.

"रॅकूनचं काम असेल," डोकं खाजवत वॉल्टर म्हणाला. "त्यांचे पंजे माणसाच्या हातासारखे चालतात. पण स्कंक लगेच परत आले याचं नवल वाटतं. जिथे खायला मिळतं आणि कुणी छळत नाही, तिथेच ते राहतात." तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही ठीक आहात ना? चेहरा उतरलाय."

"मला भीती वाटते," सुमेधा म्हणाली.

"साहजिक आहे. तुमच्या मिस्टरांना फोन करून सांगतो, आणखी एक-दोन दिवस लागतील."

"त्यांना नका सांगू," ती घाईने म्हणाली. "मी सांगेन."

पण त्याने जाताना व्हॅनमधून फोन केलाच असावा. कारण श्रीरंग त्या दिवशी ऊन कलायच्या आतच घरी आला. त्याने बूट काढून जागेवर ठेवले. मग एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

"वास येतोय," तो म्हणाला.

"हो."

"एक साधं काम सांगितलं होतं तुला." आवाज अगदी शांत होता. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने टेबलावर ठेवलं. "इकडे ये."

सुमेधा मागच्या दारातून बाहेर पडली. अनवाणीच गवतातून धावत ती शेडमध्ये शिरली आणि गवत कापायचं जड मशीन ढकलून तिने दाराला आतून लावलं. फटीतून श्रीरंग दिसत होता. अंगणाच्या मध्यावर तो थांबला होता, नाकावर रुमाल धरून.

"सुमेधा, बाहेर ये. मी काही करणार नाही. त्या दिवशीही चुकून लागलं होतं तुला."

तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. पायांखालच्या फळ्यांत काहीतरी सरपटलं, आणि तो उग्र दर्प वर आला. श्रीरंग दोन पावलं मागे सरला.

सुमेधाने स्वेटरच्या खिशातून अंडं काढलं, फळ्यांमधल्या फटीवर अलगद फोडलं आणि खाली वाकून कुजबुजली, "परत आलीस ते बरं केलंस गं. आता कुणी काही म्हणो, इथून जाऊ नकोस."