मिर्यामवरची फुलं

"याकोबांचं फूल कुठे दिसत नाही," बाबा गेल्यावर पोथी न्यायला आलेला सराफ म्हणाला. "म्हातारा शेवटी स्वतःचं नाव विसरला की काय?"

आमच्या ज्यू वस्तीसाठी बाबा धर्मग्रंथ लिहून देत. मजकुरात 'याकोब' हे नाव आलं की त्यावर सोनेरी फूल काढत. तीच त्यांची सही. या शेवटच्या पोथीत याकोब सगळीकडे नुसत्या शाईत होता. फुलं होती ती 'मिर्याम'वर.

मिर्याम माझी थोरली बहीण. ख्रिस्ती होऊन तिने लग्न केलं, तेव्हा ती जिवंत असताना बाबांनी तिचं सुतक पाळलं. नंतर बारा वर्षं घरात कुणी तिचं नाव काढलं नाही.

सोनं घोटायला ठेवलेल्या कुत्र्याच्या गुळगुळीत दाताने ती फुलं मीच चकाकवली होती. बाबा पानावर फडकं अंथरून तेवढं सोनं उघडं ठेवत. "अक्षरांना हात लागून डाग पडेल, सारा. तू फुलापुरतं बघ."

मी 'सारा' शोधलं. नुसती शाई.

"मिर्याम कोण?" सराफाने विचारलं.

"बाबांची मुलगी."

तो बुचकळ्यात पडला. "त्यांना तर एकच मुलगी ना?"

मी मान डोलावली. कोणती, ते मला सांगता येईना.