लाल ठिपका

"आत्या, चौथा अडलाय. आता काय करशील?" धवलने विचारलं आणि हाताची घडी घालून तो खुर्चीत मागे रेलला. मदत करायची नाही, हा त्याचाच नियम.

चारुशीलाबाईंनी चष्मा सारखा केला. सांगलीतल्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, टॅबलेटवर पाच ठिपके होते. तिकडे तासगावजवळच्या द्राक्षबागेत पाच रोबो ओळीओळीतून पाणी फवारत होते. चालणारा हिरवा, अडलेला लाल. एकट्या माणसाला घरबसल्या पाचही सांभाळता यावेत, तेही कुणी न शिकवता, असं ॲप धवल तयार करत होता. "आत्याला जमलं की जगाला जमलं," म्हणत तो दर शनिवारी पुण्याहून यायचा.

जमलं की यायचा थांबणार होता.

लाल ठिपका बोटाने मागे ओढायचा, इतकंच. पहिल्याच शनिवारी त्यांना ते कळलं होतं. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवा लागला की न बघता पिन खोचणारी बोटं ती. आज त्यांनी ते बोट शेजारच्या हिरव्यावर ठेवलं. तोही थांबला.

"अगं, चांगला चालला होता, त्याला कशाला थांबवलंस?"

"वय झालं रे आता. पुढच्या शनिवारी परत बघू. थालीपीठं लावते."

धवल लॅपटॉप ओढून टाइप करत बसला. त्याच्या चहावर साय धरली.

"सुटलं!" तो एकदम ओरडला. "तुझ्यासारखी तरबेज बाई इथेच चुकते, म्हणजे हे काम माणसावर टाकायलाच नको. आता अडला की तो आपला आपण मागे सरेल, वाट काढेल. कुणाला विचारणारच नाही. आत्या, तू नसतीस तर सुचलंच नसतं!"

लाल ठिपका हिरवा झाला. शेजारचाही चालू लागला.

धवलने वाकून नमस्कार केला, बॅग खांद्याला लावली. "निघतो. पोचलो की फोन करतो. टॅबलेट दे ना, काय बघत बसलीस?"

पाचही ठिपके आपापल्या ओळीने मुकाट चालले होते. एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, त्या दुपारी समोरचा बोर्ड असाच गप्प होता.

"थांब रे जरा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "एखादा तरी अडेल."