पहिला फोन

अंधशाळेच्या बाईंनी नामदेवरावांना बजावलं होतं, "पहिल्या दिवशी त्रिवेणीच्या एसटीडी बूथकडे फिरकायचं नाही. तुमची मुलगी सगळं शिकलीय." तरी नामदेवराव सकाळपासून तारनाक्यावर, बूथसमोरच्या चहाच्या हॉटेलात बसून होते. बराच वेळ बूथवर कुणीच येईना, तेव्हा त्यांना राहवेना. रस्ता ओलांडून ते आत शिरले आणि घोगरा आवाज काढून म्हणाले, "बेटी, एक लोकल फोन लगाना था."

"लगाव ना चाचा!" त्रिवेणी खुलून म्हणाली.

आता नंबर कुणाचा लावायचा? सुचेना, म्हणून त्यांनी घरचाच लावला. अंबरपेठच्या बंद घरात घंटी वाजत राहिली.

त्रिवेणी हसायलाच लागली. "बाबा, आवाज बदललात, पण बटणं आपल्याच घराची दाबलीत की! प्रत्येक बटणाचा सूर मला ऐकू येतो ना. आणि तिकडे उचलायला कोण बसलंय?"

नामदेवराव ओशाळले.

"आता घरी जा. माझ्या बूथवरून पहिला फोन मीच करणार, तुम्हाला. पळा लवकर!"

नामदेवरावांनी धावत जाऊन ऑटो पकडली. बायको गेल्यापासून घरी पोचायची एवढी घाई त्यांना कधी झाली नव्हती.