गाभोळीची मादी

मंदीत बांधकामाची साइट बंद पडली, तेव्हा आमच्या गावच्या सदानंद साहेबांनी मला आखातात, फुजैराला, मासेमारीच्या बोटीवर कामाला लावलं. म्हणाले, "भिकाजी, हा लायनफिश बाहेरून आलाय. प्रवाळातली लहान मासळी फस्त करतो. एकही सोडायचा नाही."

पोटात गाभोळी असलेली मादी समुद्रात परत सोडायची, ही आमच्या घरची रीत. प्रवाळ वाचावं म्हणून तीन वर्षं मी ती मोडली.

आज साहेबांची अवनी शाळेच्या प्रोजेक्टसाठी बोटीवर आली. टोपली बघून म्हणाली, "बट पपा, ही फिश तर इथलीच आहे. आउटसायडर ती अमेरिकेत!"

साहेब हसले. "माहितेय गं. पण हॉटेलला गाभोळीच हवी असते. खरं सांगितलं असतं, तर यानं एक तरी मादी आणली असती का?"