मुलाखतीचा उजेड

गौसियाने मोडक्या टेबलफॅनच्या स्टँडवर बल्ब बसवला, बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला आणि आपल्या आयुष्यातल्या पहिल्या व्हिडिओ मुलाखतीसाठी कळमनुरीच्या नासेर टेलरांना त्यांच्याच दुकानात मशीनपाशी बसवलं. बल्ब लागताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बेटी, ही मुलाखत हाय का पोलिसाची चौकशी? मी उठतो."

"चाचा, थांबा! बल्बासमोर पांढरं कापड लावलं की उजेड मऊ पडंल." तिने खुंटीवरच्या सदऱ्याला हात घातला.

"गिऱ्हाइकाचा हाय तो! हात नको लावू." चाचांनी पेटीच्या तळातून एक पांढरी घडी काढून दिली.

जात्यातून पीठ झरावं तसा उजेड त्या कापडातून झरला. सत्तरीचे चाचा नवरदेवासारखे खुलले. तासभर बोलले, हसले.

घडी घालताना गौसियाने विचारलं, "एवढं कोरं कापड कुणासाठी ठेवलंय, चाचा?"

"माझ्यासाठीच. कफनाचं हाय."

तिने घडी पटकन मशीनवर ठेवली. चाचा गालात हसले.

"घाबरती काहून? साऱ्या गावाचे कपडे उशिरा दिले. ह्यालाबी लेटच करून राहिलो."